आईचं तेल, माझा फोटो

दर रविवारी आई खोबरेल तेलात चंदनाच्या तेलाचे चार थेंब घालून माझ्या डोक्याला चोळते. ‘चंदनाच्या वासाने केस येतात, शास्त्रज्ञांनीच सांगितलंय,’ असं तिला कुणीतरी फॉरवर्ड केलं होतं. मी मूळ संशोधन शोधून वाचलं आणि पेचात पडलो.

ती बातमी अगदीच खोटी नव्हती. वास ओळखणारे रिसेप्टर फक्त नाकात नसतात. ओआर२एटी४ नावाचा एक रिसेप्टर आपल्या त्वचेत आणि केसांच्या मुळांतही असतो. सँडलोर या सुगंधी द्रव्याने तो जागा केला, तर शरीराबाहेर जिवंत ठेवलेल्या मानवी केशमुळांचा वाढीचा काळ लांबतो, असं राल्फ पाउस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या नियतकालिकात दाखवलं. यात नाकाला वास येण्याचा संबंधच नाही.

मात्र सँडलोर हे कारखान्यात बनणारं, चंदनासारख्या वासाचं रसायन आहे. त्याआधी २०१४मध्ये जर्मनीतल्या बोखुम विद्यापीठात त्वचेच्या पेशींवर प्रयोग झाले, तेव्हा खऱ्या चंदनतेलाचा या रिसेप्टरवर परिणाम दिसला नव्हता. म्हणजे नकली चंदन चालतं, अस्सल चालत नाही! शिवाय प्रयोगशाळेतल्या केशमुळापासून माझ्या टकलापर्यंतचा रस्ता अजून लांबच आहे.

मग हे आईला सांगायचं का? ऑफिसात माहीत असलेला बग लपवणं मला चुकीचं वाटतं. घरी मात्र मी महिनोन्महिने गप्प होतो. तिला बरं वाटतं, मला छान झोप लागते, नुकसान कुणाचंच नाही, असा माझा हिशोब होता.

तो हिशोब फोटोपाशी चुकला. लग्न जुळवणाऱ्या साइटवर माझा तीन वर्षांपूर्वीचा, दाट केसांचा फोटो आहे. तो बदलू या म्हटलं, तर आई म्हणाली, ‘राहू दे रे. तेल लावतोय ना, भेटायची वेळ येईपर्यंत केस येतील.’

म्हणजे ज्या आशेला मी निरुपद्रवी समजत होतो, तिच्याच जिवावर आम्ही एका अनोळखी मुलीला जुना चेहरा दाखवत होतो. आशा बाळगणाराच तिची किंमत मोजत असेल, तर गप्प राहणं एक वेळ चालेल. इथे ती किंमत तिसऱ्याच माणसाकडून वसूल होत होती, आणि त्या माणसाला कुणी विचारलंही नव्हतं. माझं मौन मला प्रेमळ वाटत होतं. खरं तर ते माझ्या सोयीचं होतं. तो फोटो मलाही आवडत होता.

मी आईला सगळं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. त्याच संध्याकाळी गच्चीवर तिनेच माझा नवा फोटो काढला. त्यात कपाळ जरा जास्तच चमकतंय.

पुढच्या रविवारी तिने नेहमीसारखी हाक मारली. वाटीत नुसतं खोबरेल होतं.