निकालाच्या आदल्या दिवशी

वर्ष नेमके कधी संपते, या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे घरागणिक वेगळे मिळते. पंचांग उघडणारा फाल्गुनी अमावास्येवर बोट ठेवतो, पेढीवरचा व्यापारी दिवाळीत जुन्या चोपड्या बांधून माळ्यावर टाकतो, सरकारी कचेरीतला कारकून 31 मार्चच्या रात्री उशिरापर्यंत जमाखर्चाचा मेळ घालीत बसतो. परंतु ज्या घरात शाळेत जाणारे एखादे पोर आहे, त्या घराचे वर्ष यांपैकी कोणत्याही तिथीला संपत नाही. शेवटचा पेपर देऊन आलेले ते पोर दप्तर कोपऱ्यात भिरकावून, चपला उंबऱ्याशी वाटेल तशा टाकून, माठाकडे धावते आणि ‘संपली!’ एवढा एकच शब्द उच्चारते, त्या क्षणी त्या घराचे वर्ष संपते. पंचांगकर्त्यांना ठाऊक नसलेला हा वर्षान्त सगळ्यांत खरा, असे मला वाटत आले आहे. आणि तो साजरा कसा करावा, याचा विचार आपण पुरेसा केलेला नाही, हे आज थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे.

हा विचार मनात येताच डोळ्यांपुढे माळव्यातील दोन गावे उभी राहतात: धार आणि देवास. पवारांच्या घोड्यांमागोमाग अठराव्या शतकात नर्मदा ओलांडून जी मराठी घरे तेथे गेली, ती पुढे संस्थाने विलीन झाली आणि दरबार बरखास्त झाले तरी तेथेच राहिली. घरात मराठी, गल्लीत माळवी आणि शाळेत हिंदी अशा तीन बोलींत त्यांची मुले वाढली. म्हणून तेथले मराठी पोर घरी येऊन ‘आजचा पर्चा सोपा होता’ असे सांगते, तेव्हा त्यात भाषेचा प्रमाद शोधण्यापेक्षा इतिहासाचा दाखला वाचावा, हे बरे. या गावांनी आपली मुले आपल्या हाताने शिकविली खरी, पण त्यांचा अखेरचा निवाडा बहुधा परगावाहून आला. 1887 साली अलाहाबादला विद्यापीठ निघाल्यावर या भागातील मुले तेथल्या प्रवेशपरीक्षेस बसू लागली. 1929 साली अजमेरला राजपुताना, मध्य हिंदुस्थान आणि ग्वाल्हेर यांसाठी बोर्ड स्थापन झाले. 1948 साली संस्थाने मध्य भारतात गेली, 1956 साली मध्य प्रदेश झाला, आणि कालांतराने परीक्षेचे दप्तर भोपाळला गेले. राज्ये पालटली, मोहरा पालटल्या, पत्रिकेवरचा मजकूर इंग्रजीतून हिंदीत आला. पण कोणीतरी दूरस्थ माणूस आपल्या पोराचा न्याय करतो आणि आपण चातकासारखी त्याची वाट पाहतो, ही स्थिती मात्र पालटली नाही.

शेवटचा पेपर आणि निकाल यांच्या दरम्यान जे काही दिवस असतात, त्यांच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. परीक्षा होऊन गेलेली असते, म्हणून भय उरलेले नसते. निकाल लागलेला नसतो, म्हणून कोणी पहिला नसतो आणि कोणी नापासही नसतो. वर्षभर बाकांच्या ओळींनी, हजेरीपटातील अनुक्रमांकांनी आणि सहामाहीच्या गुणांनी विभागलेली पोरे त्या दिवसांत पुन्हा नुसती पोरे होतात. शाळेला वर्षातून एकदा लाभणारी ही समता कोणाच्या हुकमाने आलेली नसते, आणि निकालाचा कागद भिंतीवर चिकटताच ती संपते.

अशाच एका दिवसाची आठवण माझ्यापाशी आहे. आमच्या शाळेत शेवटच्या पेपरच्या दुसऱ्या दिवशी दाल-बाफल्यांचे जेवण करण्याची चाल होती. माळव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगितले पाहिजे की बाफला म्हणजे गव्हाच्या जाडसर पिठाचा गोळा. तो आधी पाण्यात उकडतात, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात आणि शेवटी फोडून तुपात बुडवितात. कोणाच्या घरून पीठ येई, कोणाकडून डाळ, कोणाकडून तूप. ज्याच्या घरून काहीच येण्यासारखे नसे तो गोवऱ्या आणी, आणि त्यालाही पंक्तीत तोच मान असे. शाळेमागच्या मोकळ्या जागेत आगटी पेटे. आमच्या वर्गात एक मुलगा होता. गणिताच्या तासाला त्याचे बहुतेक आयुष्य बाकावर उभे राहण्यात गेले होते. त्या दिवशी मात्र आगटीचा ताबा त्याच्याकडे असे. कोणता बाफला उलटावयाचा, कोणता अजून कच्चा आहे, राख कोठे सारावयाची, हे तो नुसत्या नजरेने ओळखी. आणि वर्षभर त्याचे कान पिळणारे आमचे माट्साब त्याच्याजवळ उकिडवे बसून, ‘हा झाला का रे?’ असे त्यालाच विचारीत. तो मान हलवी आणि माट्साब थांबत. पुढे आठवड्याभराने शाळेच्या ओसरीवर उत्तीर्णांची नावे मोठ्याने वाचून दाखविण्यात आली. ज्यांची नावे वाचावयाची नव्हती, त्यांच्याविषयी एक अक्षरही कोणी बोलले नाही. यादी संपली, आणि त्या मुलाला जे समजावयाचे ते समजले. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा तो आला नाही. निकाल चुकीचा होता असे मी म्हणत नाही. परंतु शाळेला त्याची जी दोन प्रकारची ओळख होती, तिच्यातील एकच तेवढी दप्तरी दाखल झाली, ही गोष्ट इतक्या वर्षांनंतरही मला सलते.

आपल्या प्राचीन परंपरेत विद्याभ्यासाच्या समाप्तीला समावर्तन म्हणत. समावर्तन म्हणजे परतणे. शिष्य स्नान करून स्नातक होई आणि गुरुगृहाहून आपल्या घरी परते. तैत्तिरीय उपनिषदाच्या शीक्षावल्लीत या निरोपाच्या प्रसंगी गुरूने केलेला उपदेश आहे, आणि त्यात एक स्थळ असे आहे की ते वाचून आजच्या मुख्याध्यापकांनी क्षणभर थांबावे: आमच्या वर्तनातील जे चांगले असेल तेवढ्याचेच अनुसरण कर, इतर गोष्टींचे नको, असा आशय तेथे गुरू स्वतः सांगतो. शिष्याला किती आले याचा हिशेब तेथे नाही. उलट गुरूच आपल्या ठिकाणी काही उणे असू शकेल अशी कबुली देऊन शिष्याला मोकळे करतो. वर्षाखेरीस ज्याचा निकाल लागावयाचा त्यात शिकविणाराही येतो, हे त्या काळी मान्य होते. आज आपल्या शाळांतून प्रगतिपुस्तकाच्या खाली पालकांची सही घेतात, शिक्षकाची असते, मुख्याध्यापकांचीही असते. पण या तिघांपैकी कोणाचीही प्रगती त्यात लिहिलेली नसते.

धारेत तर अपूर्णतेचा धडा दगडावर कोरून ठेवलेला आहे. भोजशाळा आणि कमाल मौला या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या तेथील परिसरात असे शिलालेख आहेत की ज्यांत सर्पाच्या वेटोळ्यांत वर्णमाला आणि संस्कृत व्याकरणातील प्रत्यय कोरले आहेत. विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या आल्या आणि गेल्या, राज्ये गेली, पण ‘अ’पासून सुरू होणारा तो पाठ जागचा हललेला नाही. त्याच परिसरात 1903 साली संस्थानच्या शिक्षण खात्याचे अधीक्षक काशिनाथ कृष्ण लेले यांना एक शिळा आढळली; तिच्यावर राजा अर्जुनवर्म्याचा गुरू मदन याने रचलेली पारिजातमञ्जरी ही नाटिका कोरलेली होती. नाटिका चार अंकांची. शिळेवर अंक दोनच. उरलेल्या दोन अंकांची शिळा अद्याप मिळालेली नाही. शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्याच्याच हाती अर्धे नाटक लागावे, यात मला एक मार्मिक योग दिसतो. कारण शाळेचे कोणतेही वर्ष असेच दोन अंकांवर थांबते. मुलाचे पुढचे अंक कोठे, कोणत्या दगडावर लिहिले जाणार, हे निकालपत्रक लिहिणाऱ्यास ठाऊक नसते. आणि तरीही अर्ध्या नाटकावरून तो नायक आणि विदूषक ठरवून मोकळा होतो.

देवासची गोष्ट निराळी. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार बंधूंच्या वंशात ते संस्थान विभागले गेले, आणि थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन राज्ये एकाच गावात नांदू लागली. रस्त्याची ही बाजू एका पातीची, ती बाजू दुसऱ्या पातीची, असा तो कारभार होता; 1921 साली थोरल्या पातीच्या तुकोजीरावांचे खाजगी चिटणीस म्हणून राहिलेले इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर यांना त्याचे इतके नवल वाटले, की त्या दिवसांवर त्यांनी 1953 साली एक पुस्तकच प्रसिद्ध केले. आपण त्या वाटणीला हसतो. परंतु एकाच गल्लीतील दोन मुलांमध्ये ‘प्रथम श्रेणी’ आणि ‘अनुत्तीर्ण’ अशी रेघ ओढून त्यांच्या आयांनी दुसऱ्या दिवशी नळावर एकमेकींशी बोलू नये अशी व्यवस्था आपणच दर वर्षी करतो. संस्थानी पाती गेल्या, शालेय पाती राहिल्या.

याच देवासात कवी भास्कर रामचंद्र तांबे यांचे काही शिक्षण झाले आणि पुढे तेथल्याच युवराजांचे शिक्षक म्हणून त्यांनी काम केले. अशा शिकवणीत वर्गच एकट्याचा. तेथे पहिला येणे आणि शेवटचा येणे यांत काही भेद असूच शकत नाही, आणि वर्षाच्या शेवटी गुरूला एकच प्रश्न विचारता येतो, की याला काल येत नव्हते ते आज येते काय? हा राजेशाही थाट सर्वांना कोठून परवडणार, असे कोणी म्हणेल, तर ते खरे आहे. पन्नास मुलांच्या वर्गात क्रम लागतोच. शिवाय ज्या घरात दुसरी कसलीही सनद नाही, त्या घराला उत्तीर्णतेचा दाखला हाच बाहेरच्या जगाचा परवाना असतो, आणि तो पेढे वाटून मिरविला तर त्यात गैर काहीच नाही. निकालाचा तिरस्कार करणे ही ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांची चैन आहे, हे मी जाणून आहे. पण देवासच्या लोकांना एक गोष्ट इतरांहून अधिक चांगली कळावी. 1974 पासून त्यांच्या गावी नोटा छापण्याचा सरकारी कारखाना आहे. नोट हा शेवटी कागद. तिच्या बदल्यात धान्य मिळते म्हणून तिला किंमत, आणि नोटांच्या थप्पीला कोणी धान्य समजू लागला तर तो उपाशी मरेल. गुणपत्रिकेचेही तसेच आहे. ती ज्ञानाचे चलन आहे, ज्ञान नव्हे. आणि शाळेचा वार्षिक उत्सव हा केवळ चलनाची मोजदाद करण्याचा दिवस झाला, तर कोठारात धान्य किती आहे हे पाहण्याचे राहूनच जाते.

सुट्टीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण वर्षाची समाप्ती म्हणजे सुट्टीचा आरंभ, आणि आपण तीही अलीकडे शिबिरांनी आणि शिकवण्यांनी भरून टाकू लागलो आहो. 1948 साली क्षयाने पीडलेला एक तरुण गवई हवापालटासाठी देवासला येऊन राहिला. कित्येक वर्षे त्याला गाण्याची मनाई होती. पत्नी भानुमतीबाई शाळेत शिकवून संसार सांभाळीत आणि हा अंथरुणावर पडून खिडकीबाहेरच्या बायकांची माळवी गाणी ऐके. कुमार गंधर्व पुन्हा गावयास उभे राहिले तेव्हा त्यांच्या गाण्यात ती लोकगीते मुरलेली होती. ती सक्तीची सुट्टी होती, यातनेची होती, आणि कोणाच्या वाट्याला तशी येऊ नये. पण ज्या काळात काहीही शिकविले जात नाही त्या काळातही मनुष्य शिकत असतो, याचा याहून ठळक पुरावा मला आठवत नाही. मे महिन्याच्या दुपारी कैऱ्या पाडीत, तळ्याच्या काठी खडे मारीत, आजीच्या शेजारी पालथे पडून ऐकत राहणारे पोर वेळ फुकट घालवीत आहे असे मानण्याची घाई करू नये.

सारांश, शाळांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. मुलांना शाळेत आणताना आपण प्रवेशोत्सव करतो, निकालानंतर गुणवंतांचा सत्कार करतो. या दोहोंच्या मध्ये, निकालाच्या आदल्या कोणत्याही एका दिवशी, शाळेचे वर्ष संपल्याचा सण सर्वांनी मिळून करावा. त्या दिवशी व्यासपीठ नको, पाहुणे नकोत, बक्षिसे तर मुळीच नकोत. शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळ्यांनी एका पंक्तीत बसावे, ज्या मुलाला जे येते ते त्याला करू द्यावे, आणि शिक्षकाने उभे राहून या वर्षी आपल्याकडून काय राहून गेले ते दोन वाक्यांत सांगावे. निकाल त्यानंतर खुशाल लागू द्या; पण आगटीवर कोण बसला होता, तेही त्या वर्षीच्या दप्तरात कोठेतरी लिहून ठेवा.