गोंडी धर्मपरंपरेतील नेतृत्व आणि विश्वास

संकटकाळी समाज कोणाच्या शब्दावर विसंबतो, आणि तो विश्वास एखाद्या व्यक्तीच्या ठायी असतो की तिला बांधून ठेवणाऱ्या नात्यांत, हा नेतृत्वाविषयीचा मूळ प्रश्न आहे. पैनगंगेच्या दक्षिणेस, आदिलाबाद भागात तामसीच्या सपाटीपासून उटनूरच्या डोंगरांपर्यंत, मराठी, तेलुगू आणि गोंडी शेजारी नांदतात; तेथील राजगोंडांनी या प्रश्नाचे दिलेले उत्तर ग्रंथात नसून कुळे, पदे आणि पूजा यांच्या रचनेत आहे.

गोंडांच्या मौखिक पुराणानुसार पहांदी कुपार लिंगाल या संस्कृतिपुरुषाने गुहेत कोंडलेल्या देवांची सुटका केली; परंतु सुटकेनंतरची अवस्था, जिच्यात ना ठिकाण होते ना नियम, बंदिवासापेक्षा कमी बिकट नव्हती. अशा वेळी लिंगालाने केले ते सगांचे विभाजन. सगा म्हणजे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या गणनेवर उभा असलेला कुळांचा गट. स्वतःच्या सगात विवाह निषिद्ध असल्यामुळे प्रत्येक सगाला वंश चालवण्यासाठी दुसऱ्याकडे जावेच लागते. नेत्याने आधी आज्ञा न देता परस्परांची गरज निर्माण करावी, हा या कथेतील विचार विलक्षण खोल आहे.

पदांची वाटणीही याच दिशेने जाते. पटेल गावाचा कारभार आणि तंटे पाहतो, देवारी ग्रामदेवतेची पूजा करतो, कटोडा हा कुळाचा पुजारी पेर्सापेनची, म्हणजे कुळाच्या थोर देवाची, सेवा करतो, आणि कुळाची कथा किंगरी या तंतुवाद्याच्या साथीने गाण्याचा अधिकार प्रधानाकडे, म्हणजे गोंडांशी जोडलेल्या गायक समाजातील व्यक्तीकडे, असतो. आदिलाबादच्या प्रधानांची मातृभाषा परंपरेने मराठी. म्हणजे गोंडांची पवित्र स्मृती ज्यांच्या कंठात आहे ते घरी दुसरीच भाषा बोलत आले आहेत. प्रधानाविना पेर्सापेनची पूजा पूर्ण होत नाही, तरीही सामाजिक दर्जात त्याला गोंडांच्या खालचे स्थान मिळाले, ही या व्यवस्थेतील उणीव झाकण्याचे कारण नाही: गरजेतून विश्वास उपजतो, समता उपजतेच असे नाही.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामी राजवटीने जंगल राखीव केले आणि कसणाऱ्यांच्या जमिनी बाहेरच्यांकडे गेल्या. त्याविरुद्ध गोंड नेते कुमरम भीम यांनी जोडेघाटात उठाव केला व 1940 मध्ये ते मारले गेले. त्यानंतर सरकारने मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे गोंडांच्या स्थितीचा अभ्यास सोपवला, आणि त्याच दशकात केसलापूरच्या नागोबा जत्रेत अधिकाऱ्यांनी गाऱ्हाणी ऐकण्याचा दरबार सुरू झाला. ही जत्रा मेश्राम कुळाची. पौष अमावास्येच्या पूजेसाठी कुळातील माणसे गोदावरीचे पाणी पायी आणतात आणि नव्या सुनांची देवाशी व वडीलधाऱ्यांशी भेट घडवली जाते. शासनाने कचेरीऐवजी हे स्थान निवडले, यात समज होती, कारण विश्वास तेथे आधीच होता. परंतु दुसऱ्याच्या अंगणातील विश्वासावर बसणाऱ्याला त्या अंगणाचे नियमही पाळावे लागतात. 20 एप्रिल 1981 रोजी, केसलापूरपासून फार दूर नसलेल्या इंद्रवेल्लीत, जमिनीच्या हक्कासाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळीबार केला. दरबाराची प्रथा पडून तेव्हा तीन दशकांहून अधिक काळ लोटला होता, आणि जमिनीचे गाऱ्हाणे तेच होते.