कोठडींतलें गीत व छावणींतला खेळ

(शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें १६ : १९-३४)



फिलिप्पै शहरांत पौल व सीला यांस छड्यांचा मार बसला, आणि आंतल्या बंदिखान्यांत त्यांचे पाय खोड्यांत अडकविण्यांत आले. पाठीवरच्या जखमा ताज्या होत्या. तरी मध्यरात्रीं ते देवाचीं स्तोत्रें गाऊं लागले, व इतर बंदिवान कान देऊन ऐकत राहिले. गाणें आधीं झालें. भूमिकंप मागाहून झाला, हें ध्यानांत ठेवा. दारें उघडण्यापूर्वींच ते दोघे मोकळे झाले होते. म्हणूनच दारें उघडल्यावर ते पळाले नाहींत. पहारेकऱ्याचा जीव वांचविण्यासाठीं तेथेंच थांबले.

अशी मोकळीक गेल्या शतकांतील एका भक्ताच्या ठायींहि दिसून आली. एरिक लिडेल यांचा जन्म सन १९०२ मध्यें चीन देशांतील तिएनत्सिन येथें स्कॉटिश मिशनरी कुटुंबांत झाला. सन १९२४ मध्यें पॅरिस येथील ऑलिंपिक सामन्यांत १०० मीटरच्या शर्यतीची पहिली फेरी प्रभुवारीं येत होती, म्हणून त्यांनीं ती शर्यत सोडली. आणि ४०० मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत धांवून सुवर्णपदक मिळविलें. पुढच्याच वर्षीं ते मिशनरी शिक्षक म्हणून चीनला परतले.

सन १९४३ मध्यें जपानी अंमलदारांनीं त्यांस वेहसिएन येथील छावणींत कोंडलें. दीड हजार माणसें तेथें भिंतीआड दाटीवाटीनें राहत. अन्न अपुरें, थंडी कडक. लिडेल मुलांस विज्ञान शिकवीत, वृद्धांसाठीं ओझीं वाहत, हॉकीच्या मोडक्या काठ्या बांधून देत आणि मुलांचे खेळ मांडीत. एका रविवारीं मुलें आपणच हॉकी खेळूं लागलीं व मारामारीवर आलीं. पुढल्या रविवारीं लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानांत उभे राहिले! स्वतःच्या कीर्तीसाठीं प्रभुवारीं धांवण्यास ज्यांनीं नकार दिला, तेच कोंडलेल्या लेकरांसाठीं त्या दिवशीं खेळांत उतरले. शब्बाथ मनुष्यासाठीं आहे, या प्रभूच्या शिकवणीचें मर्म त्यांस कळलें होतें.

ता. २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं मेंदूंतील गांठीच्या विकारानें ते छावणींतच मरण पावले. छावणी पुढें ऑगस्टांत सुटली. दार उघडलेलें त्यांनीं पाहिलें नाहीं. तरी त्यांस बंदिवान कोण म्हणेल?

कष्ट हेच चांगले, असें मी म्हणत नाहीं. उपाशी लेकरास उपदेश नको, भाकर द्यावी. पण गांवच्या मुलांस हुतुतू खेळतांना पाहा. गुडघे फुटतात, धूळ तोंडांत जाते, तरी हंसत उठून तीं पुन्हां दम धरितात. तोच मुलगा घरीं विहिरीवरून एक घागर आणतांना कुरकुरतो! शरीर तेंच, पण एक श्रम त्यानें आपण होऊन पत्करिला, दुसरा त्याजवर लादला गेला. जो भार आपण प्रीतीनें उचलतों, तो आपणांस बांधून ठेवीत नाहीं.

उपदेशक बंधूंनो, चिखलाची वाट तुडवीत दुसऱ्या वाडीस जातांना आपल्या मुखीं कुरकुर असते कीं स्तोत्र? वाट तितकीच लांब राहील. पण गाणारा मनुष्य ती मोकळ्या मनानें चालेल. आणि उपासनेनंतर मंडळींतील मुलें खेळूं लागलीं, तर त्यांस दटावून घालवूं नका. त्यांच्यामध्यें जाऊन उभे राहा.

खोड्यांतहि गाण्याची कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.