पाहणें आणि घेणें

दूरदेशीं गेलेल्या माणसानें तेथून कांहींतरी घेऊन यावें अशी घरच्यांची अपेक्षा असते, आणि ती गैर नाहीं. पूर्वीं तो वर्णनें घेऊन येई. पंडिता रमाबाई १८८६ पासून १८८८ पर्यंत अमेरिकेंत होत्या, आणि त्या देशाविषयींचें त्यांचें मराठी पुस्तक १८८९ सालीं प्रसिद्ध झालें. योगायोग असा कीं, ज्या वर्षीं त्यांनीं तो देश सोडला त्याच वर्षीं जॉर्ज ईस्टमन यांनीं आपला कोडॅक कॅमेरा बाजारांत आणला. किंमत पंचवीस डॉलर. आंत शंभर चित्रांपुरती फीत. ती संपली कीं सगळी पेटीच रॉचेस्टरच्या कारखान्याकडे पाठवावयाची. वर्णन करण्याचे कष्ट ज्यांना नकोत, अशांनाही तेव्हांपासून आपला प्रवास घरीं आणतां येऊं लागला. आज तर मुलाकडे उन्हाळा काढावयास गेलेल्या आईबापांपासून तेथेंच स्थायिक झालेल्या कुटुंबांपर्यंत, अमेरिकेंत फिरणाऱ्या आपल्या प्रत्येक माणसाच्या खिशांत तें साधन असतें.

या साधनानें मुख्यतः दोन गोष्टी टिपल्या जातात: एक सृष्टिशोभा, दुसरी गांवोगांवचे उत्सव. दोहोंच्याही बुडाशीं एक न बोललेली समजूत असते. ती अशी कीं, जें उघड्यावर आहे आणि जें मला पाहूं दिलें आहे, त्याचें चित्र घेण्याचा अधिकार मला आपोआपच प्राप्त होतो. सार्वजनिक रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला अमेरिकेचा कायदाही बव्हंशीं ही मोकळीक देतो. परंतु कायद्यानें दिलेली मोकळीक आणि नीतीनें दिलेली अनुज्ञा या एकच नव्हेत. पाहण्याच्या अधिकारांत घेण्याचा अधिकार अंतर्भूत आहे काय, हा प्रश्न म्हणून स्वतंत्रपणें विचारावा लागतो.

अमेरिकेंत हा प्रश्न केवळ पुस्तकी राहिलेला नाहीं. न्यू मेक्सिको व ॲरिझोना या राज्यांत प्वेब्लो म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मूळ रहिवाशांचीं जुनीं गांवें आहेत. टाओस येथें ३० सप्टेंबरला संत जेरोमचा आणि केवा येथें, ज्याला पूर्वीं सांतो दोमिंगो म्हणत, ४ ऑगस्टला गांवचा उत्सव असतो. बाहेरच्या पाहुण्याला त्या दिवशीं मज्जाव नसतो. बोलावणें आलें तर एखाद्या घरीं त्याला जेवूंही घालतात. मात्र कॅमेरा बाहेर काढावयाचा नाहीं, हा नियम कडक आहे. टाओसला इतर दिवशीं कांहीं अटींवर चित्रें घेतां येतात. उत्सवाच्या दिवशीं तींही नाहींत. होपी लोकांच्या गांवांत तर छायाचित्रच काय, पण कागदावर रेखाटन करण्यासही बंदी आहे. आपल्या भूमीवर आपले नियम करण्याचा अधिकार या लोकांना आहे, त्यामुळें पाहुण्याला तो नियम पाळावाच लागतो. परंतु पाळतांना त्याच्या मनांत येतेंच कीं, पाहूं देतां तर घेऊं कां देत नाहीं?

याचें उत्तर होपींच्या इतिहासांत आहे. पावसासाठीं करावयाचा त्यांचा एक विधि सर्पनृत्य या नांवानें बाहेरच्या जगांत प्रसिद्ध झाला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रेल्वे कंपनीनें त्याची जाहिरात केली आणि कॅमेरे घेतलेल्या लोकांची तेथें दाटी होऊं लागली. जो तो चांगली जागा मिळविण्यासाठीं पुढें सरके. विधि करणाऱ्यांच्या दृष्टीनें पाऊस ही त्या शेतांच्या जीवनमरणाची बाब. पाहणाऱ्यांच्या दृष्टीनें ती एक विलक्षण चीज. पुढें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत होपींनीं हें चित्रण बंद करीत आणलें. यांत यंत्राविषयींचा भोळा भीतिभाव पाहणें म्हणजे त्यांच्या समजुतीला कमी लेखणें होय. कांहीं उत्सव दाखविण्यासाठीं असतात आणि कांहीं करण्यासाठीं, हा भेद त्यांनीं नीट ओळखला होता. अल्बुकर्क येथें १९७२ पासून भरणारा मोठमोठ्या फुग्यांचा उत्सव किंवा लहान गांवांतील ४ जुलैची मिरवणूक लोकांनीं पाहावी म्हणूनच असते. तेथें चित्र घेणारा उत्सवाला भरच घालतो. परंतु जेथें नृत्य हीच प्रार्थना आहे, तेथें पाहुण्याला आंत घेतात तें प्रेक्षक म्हणून नव्हे, तर त्या प्रार्थनेचा साक्षी म्हणून. कॅमेरा डोळ्यांशीं नेतांच तो साक्षी राहत नाहीं.

आपल्या भाषेंत एक मौजेची गोष्ट आहे. आपण दर्शनही ‘घेतों’ आणि फोटोही ‘घेतों’. क्रियापद एकच, परंतु दोन घेण्यांत महदंतर आहे. दर्शन घेणारा देवाला पाहतो तसाच देवही त्याला पाहतो, अशी श्रद्धा असते. म्हणून तो पायांतलें पायतण काढून, मान लववून उभा राहतो. वेळ केव्हांची, अंतर किती, हें ठरविणें त्याच्या हातीं नसतें. आणि त्यानें घेतलेली वस्तु त्याच्याबरोबरच राहते. ती तिसऱ्याला विकतां येत नाहीं. फोटो घेणारा मात्र स्वतः न दिसतां पाहतो, क्षण व अंतर आपणच ठरवितो, आणि घेतलेली वस्तु वाटेल त्याच्या हातीं देऊं शकतो. पाहूं देणाऱ्यानें पहिलें घेणें कबूल केलें म्हणजे दुसरेंही केलें, असें धरून चालण्यास आधार नाहीं.

यावर कोणी म्हणेल, चित्र घेतल्यानें मूळ वस्तूचें कांहीं उणें होत नाहीं; मग चोरी ती कसली? न्यू ऑर्लीन्स येथील कृष्णवर्णीयांच्या ‘मार्डी ग्रा इंडियन’ मंडळ्यांना हें विचारावें. मणी व पिसें यांचा एकेक पोशाख हातानें शिवण्यांत त्यांचें वर्ष जातें. तो घालून ते रस्त्यावर आले कीं त्यांचीं चित्रें घेऊन विकणारा दुसराच असतो. म्हणून २०१० च्या सुमारास त्यांच्यांतील कांहींनीं आपले पोशाख शिल्पकृति म्हणून कॉपीराइटखालीं नोंदविण्याचा मार्ग धरला. उणें होतें तें केवळ पैशाचेंही नव्हे. एडवर्ड कर्टिस यांनीं १९०७ ते १९३० या काळांत अमेरिकेच्या मूळ रहिवाशांवर वीस खंडांचा सचित्र ग्रंथ काढला. त्यांतील एका प्रसिद्ध चित्रांत पिगन जमातीचे दोन पुरुष तंबूंत बसले आहेत. मूळ काचेवर त्यांच्यामध्यें एक घड्याळ होतें. ग्रंथांत छापतांना तें पुसून टाकण्यांत आलें. घड्याळ बाळगणारा मनुष्य ग्राहकाच्या कल्पनेंतील ‘लोपत चाललेल्या’ माणसासारखा दिसत नव्हता. त्या दोघांचें घड्याळ कोणी नेलें नाहीं, परंतु त्यांचा वर्तमानकाळ नेला.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. चित्रें घेतलीं नसतीं तर किती तरी गोष्टी नाश पावल्या असत्या. कार्लटन वॉटकिन्स यांनीं १८६१ सालीं योसेमिटी खोऱ्याचीं मोठालीं चित्रें घेतलीं, आणि ३० जून १८६४ रोजीं लिंकन यांनीं तें खोरें राखून ठेवण्याच्या कायद्यावर सही केली. विल्यम हेन्री जॅक्सन यांनीं १८७१ सालीं यलोस्टोनचीं चित्रें आणलीं, आणि १ मार्च १८७२ रोजीं तें राष्ट्रीय उद्यान ठरलें. हे भूभाग ज्यांनीं कधीं पाहिले नव्हते त्यांना त्यांची महती पटविण्यांत या चित्रांचा हातभार लागला. १९३६ सालीं डोरोथिया लँग यांनीं कॅलिफोर्नियांत निपोमो येथें वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या छावणींत एका मातेचें चित्र घेतलें; तें पाहून सरकारनें तेथें अन्न पाठविलें. हा उपकार खरा आहे.

तथापि त्याच उदाहरणांची दुसरी बाजूही खरी आहे. अन्न छावणींत पोहोंचलें तेव्हां ती माता आपल्या मुलांसह पुढें निघून गेली होती. तिचें नांव फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन असें होतें, हें जगाला १९७८ सालीं कळलें. आणि त्या चित्रापासून आपणांस कांहींच मिळालें नाहीं, ही तिची तक्रार होती. ज्या योसेमिटीच्या चित्रांत मनुष्याचा मागमूस दिसत नाहीं, तेथील आवानीची लोकांना सशस्त्र तुकडीनें १८५१ सालीं, म्हणजे वॉटकिन्स तेथें पोहोंचण्याच्या अवघीं दहा वर्षें आधीं, हुसकावून लावलें होतें आणि त्यांचें सांठविलेलें धान्य जाळलें होतें. वॉटकिन्स यांनीं कोणाला पुसून टाकलें असें नव्हे. तें काम आधींच झालें होतें. परंतु त्या रिकामेपणाला निसर्गाचें निर्मळ रूप मानण्याची संवय मात्र चित्रांनीं लावली. म्हणजे सृष्टिशोभेचें चित्रण निरुपद्रवी आणि उत्सवाचें तेवढें नाजुक, ही आपली वांटणीही टिकत नाहीं. मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या सुळक्यांखालीं आजही नाव्हाहो कुटुंबें राहतात. सुळक्याचें चित्र घेण्यास कोणाची हरकत नाहीं. परंतु दारांत उभ्या असलेल्या आजीला आधीं विचारावें, असें तेथें पाहुण्यांना सांगतात.

कॅमेरा घरीं ठेवावा असा या सर्वांचा निष्कर्ष नाहीं. ग्रँड कॅन्यनच्या कांठावर सूर्यास्त टिपणारा कोणाचें कांहीं नेत नाहीं, आणि वृद्ध आईला तो घरबसल्या दाखविण्यांत पुण्यच आहे. निष्कर्ष एवढाच कीं, पाहणें हें प्रवाशाला मिळालेलें आतिथ्य आहे. घेणें ही त्यापुढची मागणी आहे, आणि मागणी म्हटली कीं नकाराला जागा ठेवलीच पाहिजे. ज्याला नकार देतां येत नाहीं त्याच्याकडून घेतांना तर अधिकच थांबावें. कारण त्या छावणींतल्या मातेजवळ नाहीं म्हणण्याइतकें त्राणही कदाचित् उरलें नसेल. टाओसच्या उत्सवाहून रिकाम्या हातीं परतणाऱ्याला घरीं विचारतील, दाखवावयास काय आणलेंस? त्यानें बसून सांगावें: ढोलाचा ठेका कसा होता, धूळ कशी उडत होती, कोणीं जेवावयास बोलावलें आणि पानांत काय वाढलें. एवढें सांगण्यासाठीं तेथें नीट पाहावें मात्र लागेल.