लम्पीच्या विषाणूची वंशावळ

जनावरांत नव्याने दिसलेला विषाणू कोणत्या गटातला, हे ठरवताना पूर्वी मुख्यतः दोन गोष्टी पाहिल्या जात: तो कोणत्या प्राण्यात सापडला आणि सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसतो. लम्पी त्वचारोगाच्या बाबतीत या दोन्ही कसोट्या अपुऱ्या पडतात. २०२२ मध्ये जळगाव, अकोला, बुलडाणा, वाशीम अशा जिल्ह्यांत हा रोग पसरला. वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजासारख्या गावांतले पशुपालक तो अंगावरच्या गाठी, ताप आणि आटलेले दूध यांवरून ओळखतात. विषाणूची ओळख मात्र त्याचा जनुकक्रम वाचल्याशिवाय पुरी होत नाही.

रोगाची पहिली नोंद १९२९ मधली, आजच्या झांबियातली. विषारी वनस्पती खाण्यात आल्याने किंवा कीटकदंशाने गाठी उठतात, असा तेव्हा समज होता. रोग संसर्गजन्य आहे हे १९४० च्या दशकात स्पष्ट झाले. लम्पी, मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी यांचे विषाणू कॅप्रिपॉक्स या एकाच प्रजातीगटातले. सूक्ष्मदर्शकाखाली ते वेगळे ओळखू येत नाहीत आणि रक्तद्रव तपासूनही नेमका भेद होत नाही. प्रत्येकाच्या जनुकक्रमात सुमारे दीड लाख अक्षरे, आणि त्यांपैकी जवळपास ९७ टक्के सारखी. सगळा निवाडा उरलेल्या तीन टक्क्यांत होतो. या साम्यामुळेच महाराष्ट्रात गाईबैलांना शेळ्यांच्या देवीची लस देता आली.

प्राण्यावरून नाव देण्यात केवढा धोका असतो, हे केनियातल्या विषाणूच्या एका वाणाने (उपप्रकाराने) दाखवले. मेंढीत सापडला म्हणून तो मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा मानला गेला आणि लशीसाठी वापरला गेला. जनुकक्रम तपासल्यावर तो लम्पीचाच विषाणू निघाला आणि गाईंना टोचण्याइतका सौम्य नसल्याचेही दिसले. वर्गीकरणातली चूक कागदावर राहत नाही, ती गोठ्यापर्यंत पोचते.

तपासणीसाठी त्वचेवरच्या गाठीचा तुकडा किंवा खपली घेतात. तिच्यातून डीएनए वेगळा करून त्याचे लहान लहान तुकडे वाचतात, संगणकावर जुळवतात आणि जगभरातल्या ज्ञात क्रमांशी ताडून वंशवृक्ष मांडतात. एकदोन जनुके वाचून काम लवकर होते, स्वस्तातही होते; भारतात २०१९ मध्ये ओडिशात रोग प्रथम आढळला, तेव्हा अशाच निवडक जनुकांवरून त्याचे केनियातल्या वाणांशी नाते दिसले. पण एवढ्यावर थांबणे योग्य नाही. रशियात २०१७ मध्ये लशीतला आणि मोकाट फिरणारा असे दोन वाण मिसळून झालेला संकरित विषाणू सापडला. अशा विषाणूचे एक जनुक लशीकडे बोट दाखवते, तर दुसरे मोकाट वाणाकडे. संपूर्ण क्रम वाचला तरच खरा प्रकार कळतो.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या नेतृत्वाखाली महाराष्ट्रासह काही राज्यांतल्या २०२२ च्या नमुन्यांचे पूर्ण क्रम वाचले गेले. देशात एकाच वेळी दोन वेगळे वाण फिरत असल्याचे त्यात आढळले. एक २०१९-२० मधल्या रांची व हैदराबादच्या वाणांच्या जवळचा होता. दुसऱ्यात खूप अधिक बदल होते आणि तो २०१५ मधल्या रशियन वाणाशी मिळताजुळता होता. डीएनए विषाणू सहसा सावकाश बदलतात, त्यामुळे हे अंतर दुर्लक्ष करण्यासारखे नाही. रांचीच्या २०१९ मधल्या विषाणूपासून भारतीय कृषी संशोधन परिषदेच्या संस्थांनी स्वदेशी लस तयार केली आहे. तिचे काम पुढे जोखतानाही हे क्रम उपयोगी पडतील.

जनुकक्रमातून विषाणूचे कूळ कळते, पण जनावर किती आजारी पडले, त्याला लस कधी दिली होती, ते कोणत्या बाजारातून आले, हे क्रमात लिहिलेले नसते. ती माहिती फक्त पशुपालक आणि गावाजवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातले डॉक्टर देऊ शकतात. म्हणून गाठ दिसताच जनावर वेगळे बांधून दवाखान्यात कळवावे, आणि नमुन्यासोबत गाव, तारीख व लसीकरण यांची नोंद न चुकता पाठवावी.