झेनॉन केवढा?

१९३४च्या ऑक्टोबरात रोममधल्या वाया पानिस्पेर्नावरच्या प्रयोगशाळेत एदोआर्दो आमाल्दी आणि ब्रुनो पोन्तेकोर्वो हे दोन तरुण चक्रावून गेले होते. न्यूट्रॉनचा मारा करून चांदी किरणोत्सारी करायची, हा त्यांचा उद्योग. पण तेच काम लाकडी टेबलावर केले की चांदी जास्त किरणोत्सारी व्हायची आणि संगमरवरी टेबलावर कमी. चांदीच्या अणूला टेबलाशी काय देणेघेणे? २२ ऑक्टोबरला एन्रिको फर्मी यांनी न्यूट्रॉनच्या वाटेत शिशाऐवजी पॅराफिन ठेवले, आणि किरणोत्सारिता कितीतरी पटींनी उसळली. उलगडा त्यांनी त्याच दिवशी केला. लाकडात, पॅराफिनमध्ये, पाण्यात हायड्रोजन असतो. त्याच्या केंद्रकांवर आपटत न्यूट्रॉन मंदावतो, आणि मंदावलेला न्यूट्रॉन सहज पकडला जातो. वेग जास्त तर परिणाम मोठा, ही तोवरची अपेक्षा होती. ती उलटी ठरली.

असे का व्हावे? याचे एक सोपे उत्तर नेहमी दिले जाते. फास्ट लोकल लहान स्टेशनातून धडधडत निघून जाते, स्लो लोकलमध्ये मात्र चढायला वेळ मिळतो. तसा मंद न्यूट्रॉन केंद्रकाजवळ अधिक काळ रेंगाळतो. उत्तर खोटे नाही. अनेक केंद्रकांच्या बाबतीत न्यूट्रॉनचा वेग निम्मा केला की तो गिळला जाण्याची शक्यता खरोखरच दुप्पट होते. केंद्रकातून नुकताच सुटलेला न्यूट्रॉन सेकंदाला सुमारे वीस हजार किलोमीटर धावतो. खोलीच्या तापमानाला आलेला सव्वादोन किलोमीटर. शिवाय या मंद न्यूट्रॉनची तरंगलांबी युरेनियमच्या केंद्रकाच्या व्यासाच्या हजारो पट असते. त्याला बाणासारखा नेम धरावाच लागत नाही.

तरीही या उत्तरावर फार विसंबता येत नाही. युरेनियम-२३८ घ्या. न्यूट्रॉनची ऊर्जा ६.६७ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास असली की हे केंद्रक त्याला हजारो बार्न क्षेत्रफळाचे होऊन सामोरे येते (बार्न हे केंद्रकांचे क्षेत्रफळ मोजायचे एकक). न्यूट्रॉन त्याहून कितीतरी मंद, खोलीच्या तापमानाचा असेल तर अवघे पावणेतीन बार्न. (युरेनियमच्या केंद्रकाचा भूमितीने काढलेला छेद दीड-दोन बार्नांचा.) रेंगाळणे वाढले आणि पकड मात्र सुटली! दुसरीकडे शिसे. केंद्रक चांगले वजनदार, पण मंद न्यूट्रॉनला ते जवळजवळ गिळतच नाही.

म्हणजे कारण नुसत्या वजनातही नाही आणि नुसत्या वेळातही नाही. न्यूट्रॉन आत शिरला की बंधनाची ऊर्जा मोकळी होते आणि केंद्रक प्रचंड उत्तेजित होते. जड केंद्रकात त्या उंचीवर ऊर्जेच्या पातळ्या दाटीवाटीने असतात, त्यामुळे येणाऱ्याची ऊर्जा कुठल्या ना कुठल्या पातळीशी जुळण्याचा संभव मोठा; आणि जुळली की पकड घट्ट. नील्स बोर यांनी १९३६मध्ये याचे चित्र मांडले: न्यूट्रॉनची ऊर्जा सगळ्या कणांत वाटली जाते आणि तो आला कुठून, हे केंद्रक जणू विसरून जाते. शिसे-२०८मध्ये प्रोटॉन आणि न्यूट्रॉन दोघांचीही कवचे पूर्ण भरलेली, म्हणून पातळ्या विरळ.

या जुळण्याची किंमत १९४४च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या हॅनफर्डला कळली. नवी अणुभट्टी सुरू झाली, आणि काही तासांतच तिची शक्ती आपोआप घसरत शून्याला आली. मग काही तासांनी पुन्हा जिवंत झाली. जॉन व्हीलर यांनी गुन्हेगार ओळखला: झेनॉन-१३५. विखंडनातून आयोडीन तयार होते, त्याच्या क्षयातून हा झेनॉन. त्याचे केंद्रक भूमितीने सव्वा बार्नचेही नाही. मंद न्यूट्रॉनसाठी ते सव्वीस लाख बार्नांचे आहे. ०.०८४ इलेक्ट्रॉन व्होल्टला त्याची एक पातळी आहे, एवढेच कारण. ती नेमकी तिथेच का, हे कोणी मूळ नियमांपासून गणिताने काढलेले नाही. मोजले, आणि सापडले.

मग झेनॉन केवढा? हा प्रश्न भौतिकीचा राहत नाही. प्राचीन भारतातल्या वैशेषिक तत्त्वज्ञांनी गुणांची यादी करताना परिमाण आणि संयोग वेगवेगळे धरले. परिमाण, म्हणजे आकारमान, एकाच द्रव्यात राहते; संयोगाला, म्हणजे भेटीला, निदान दोन द्रव्ये लागतात. (प्राचीनांना न्यूट्रॉन ठाऊक होता, असे सांगायला उत्सुक असणाऱ्यांनी इथे आवर घालावा, कामाचा आहे तो भेद.) बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाला हा भेद पटला नसता. ज्याला आपण वस्तूचे स्वतःचे म्हणतो तेही इतरांवर अवलंबूनच सिद्ध होते, हा त्याचा आग्रह. सव्वीस लाख बार्न हे त्याच्या बाजूचे साक्षीदार वाटतात खरे.

पण सोने आणि शिसे शेजारी ठेवून पाहावे. १९५०च्या दशकात रॉबर्ट हॉफस्टॅटर यांनी स्टॅनफर्डला वेगवान इलेक्ट्रॉन केंद्रकांवर सोडून त्यांची आकारमाने मोजली. या पद्धतीने सोन्याचे आणि शिशाचे केंद्रक जवळपास सारखेच ठरते, आणि इलेक्ट्रॉनचा जड भाऊबंद म्युऑन वापरूनही उत्तर तेच येते. मंद न्यूट्रॉनला मात्र सोने ९८ बार्नांचे आणि शिसे एक-पंचमांश बार्नहूनही कमी. इथे वैशेषिकांची विभागणी अधिक टिकाऊ वाटते: बार्नांचा आकडा संयोगाचा आहे, त्याला परिमाण समजणे ही घाई.

नागार्जुनाचा अनुयायी म्हणेल, इलेक्ट्रॉनची भेटही भेटच. बरोबर. फरक असा की इलेक्ट्रॉन आणि म्युऑन स्वतंत्रपणे एकाच आकड्यावर येतात, आणि मंद न्यूट्रॉनचा आकडा त्याच्या ऊर्जेबरोबर उड्या मारतो. त्याच न्यूट्रॉनला १४ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत नेले, तर त्याच्या एकूण टकरींच्या हिशेबात सोने आणि शिसे दोन्ही पाच बार्नांच्या आसपास येतात.