गुप्त भीमा आणि अभयदान

॥ श्री भीमाशंकर प्रसन्न ॥

श्रीक्षेत्र भीमाशंकराच्या दर्शनास येणारा भाविक घाट चढून येतो आणि देवापाशी पोहोचण्यासाठी पुन्हा पायऱ्या उतरतो. सह्याद्रीच्या माथ्यावर, सुमारे ३,२५० फूट उंचीवर असूनही हे ज्योतिर्लिंग शिखरावर विराजमान नाही. चहूबाजूंनी झाडीने वेढलेल्या खोलगट जागी ते वसले आहे. देवाने स्वतःसाठी स्थान निवडले ते अरण्याच्या कुशीत, हे येथे येणाऱ्या प्रत्येकाने प्रथम ध्यानी घ्यावे.

क्षेत्राची कथा सर्वश्रुत आहे. त्रिपुरासुराच्या वधानंतर श्रमलेले महादेव सह्याद्रीवर विसाव्यासाठी थांबले आणि त्यांच्या अंगावरून निथळलेल्या घामाच्या धारांतून भीमा नदी प्रकटली. परंपरा पुढे असेही सांगते, की लिंगापाशी उगम पावलेली ही नदी तेथेच लुप्त होते आणि पूर्वेकडील रानात, गुप्त भीमाशंकर या स्थानी, पुन्हा प्रकट होते.

या ‘गुप्त’ शब्दात पूर्वजांनी मोठे मर्म साठविले आहे. येथे पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. उघड्या कातळावर पडलेला पाऊस माती घेऊन क्षणात वाहून जातो. सदाहरित व निमसदाहरित रानात मात्र त्याच सरी प्रथम उंच वृक्षांच्या माथ्यावर पडतात, पानापानांवरून ओघळत झुडपांवर येतात आणि शेवटी कुजलेल्या पानांच्या जाड थरात मुरतात. मुळांनी सैल केलेल्या मातीतून ते पाणी खडकांच्या भेगांत उतरते आणि पाऊस सरल्यावरही झऱ्यांच्या रूपाने पाझरत राहते. नदी गुप्त होते ती वनाच्या उदरात. आणि प्रकट होते ती वनाच्या कृपेने.

हीच भीमा पुढे चासकमानच्या जलाशयात विसावते. तुळापूरजवळ तिला देहू-आळंदीची इंद्रायणी येऊन मिळते. उजनीच्या धरणातून पुढे जाऊन पंढरपुरी चंद्रकोरीसारखे वळण घेताच ती चंद्रभागा होते. आषाढीला वाळवंटात स्नान करणाऱ्या वारकऱ्याच्या ओंजळीत या डोंगरावरील झाडांनी राखलेले पाणीही असते. येथे एक वृक्ष तुटला, तर त्याचा घाव पंढरीपर्यंत पोहोचतो.

या अरण्याला १९८५ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर आहे. येथील मानाचा रहिवासी म्हणजे महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू. तांबूस पाठीची, झुबकेदार शेपटीची ही मोठी खार केवळ भारतातच आढळते. जांभूळ, आंबा, हिरडा, उंबर अशा वृक्षांच्या माथ्यावर तिचा संसार चालतो. काटक्या व पाने रचून ती उंच फांद्यांत घरटी बांधते. एका फांदीवरून वीस फुटांवरील दुसऱ्या फांदीवर सहज झेप घेते आणि सहसा भूमीवर उतरत नाही. तिने अर्धवट खाऊन टाकलेल्या फळांवर खालच्या भेकरांचे व रानडुकरांचेही पोट भरते.

मात्र शेकरूला फांदीला फांदी भिडलेली हवी. रस्ता रुंदावला, मध्ये मोकळे मैदान पडले, इमारत उभी राहिली, की वरची वाट तुटते. मग तिला जमिनीवर उतरावे लागते आणि तेथे कुत्री व भरधाव वाहने असतात. जे बिचारे उतरत नाहीत, ते रानाच्या एका तुकड्यात कोंडले जातात. सह्याद्रीतील सदाहरित वनांवरील संकट बहुधा असेच येते. सारे रान एका दिवसात नाहीसे होत नाही. वाटा, वस्त्या, खाणी, वणवे आणि वृक्षतोड यांनी ते विरत जाते व उघड्या पडलेल्या जागी रानमोडीसारखी परकी झुडपे माजतात. दुरून डोंगर हिरवाच दिसतो, पण आतले रान हरपलेले असते.

डोंगराचा तोल किती नाजूक आहे, याचे दुःखद स्मरण जवळच आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर अतिवृष्टीने डोंगरकडा कोसळला आणि दीडशेहून अधिक जिवांना भूमीने पोटात घेतले. पाऊस हे तात्कालिक कारण होते. तथापि उतारांचे सपाटीकरण आणि वृक्षांचा ऱ्हास यांविषयीही त्यानंतर अभ्यासकांनी गंभीर इशारे दिले. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांना जागतिक वारसा म्हणून गौरविले. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार स्थळे आहेत. भीमाशंकर त्या सूचीत नाही. पण ज्या रानाची राखण साक्षात महादेवाच्या नावाने झाली, त्याचे मोल सूचीवर अवलंबून नाही.

ही राखण शतकानुशतके केली ती येथील महादेव कोळी आदी रहिवाशांनी. आहुपे येथील देवराईसारखी देवाच्या नावे सोडलेली राने त्यांनी जपली. देवराईत कुऱ्हाड चालवायची नाही, पडलेले लाकूडही उचलायचे नाही, असा दंडक होता. उभ्या झाडापासून दरसाल बाळहिरडा वेचून संसार चालविणाऱ्यांना झाडाचे मोल कोणी शिकवावे लागले नाही. त्या देवराईत देव बहुधा उघड्यावर, तांदळ्याच्या रूपात असे. वृक्षांचे छत्र हेच त्याचे मंदिर.

अलीकडे मात्र सह्याद्रीत ठिकठिकाणी एक विपरीत घडत आहे. भक्त जीर्णोद्धारासाठी पुढे येतात, काँक्रीटचे मंदिर, फरशी आणि सभामंडप उभारतात, आणि त्यासाठी जागा वा पैसा मिळावा म्हणून देवराईतलेच जुने वृक्ष तोडले जातात. देवाला छप्पर मिळते आणि त्याचे घर जाते. दात्यांच्या श्रद्धेविषयी शंका नाही; परंतु देवाच्या अंगावरील वस्त्र फेडून त्याचीच झूल त्याला पांघरण्यात पुण्य कोणते, याचा विचार व्हावा.

रुद्राभिषेकाच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या श्रीरुद्रात महादेवांना वृक्षांचा आणि अरण्यांचा स्वामी म्हणून नमन केलेले आहे. गाभाऱ्यात असे नमन करून बाहेर येताच रिकामी बाटली झुडपात टाकणारा भाविक आपलेच नमन परत घेतो. समुद्रमंथनातील हलाहल नीलकंठाने प्राशन केले; प्लास्टिकचे विष पचविण्याची शक्ती मात्र ना येथील मातीत आहे, ना भीमेच्या पाण्यात.

शास्त्रांनी अन्नदान, वस्त्रदान, विद्यादान यांची थोरवी गायिली आणि भयभीत जिवाला दिलेले अभयदान श्रेष्ठ मानले. एका उभ्या वृक्षाला कुऱ्हाडीपासून अभय दिले, तर त्यावरील घरट्याला, त्याखालच्या झऱ्याला आणि झऱ्याकाठच्या गावाला अभय मिळते. या दानाची पावती फाडता येत नाही आणि त्यावर नावाची फरशीही बसत नाही. म्हणूनच ते निष्काम दान होय.

भाविक बंधु-भगिनींस नम्र विनंती :

१. प्लास्टिकच्या पिशव्या व बाटल्या रानात टाकू नयेत. आणलेले सोबत परत न्यावे.

२. माकडे व अन्य वन्य प्राण्यांना खाऊ घालू नये. त्यांचे अन्न देवाने रानातच ठेवले आहे.

३. घाटात वाहन सावकाश चालवावे, कर्णा वाजवू नये. रात्रीचा प्रवास शक्यतो टाळावा.

४. बेल आणताना फांदी मोडू नये. एक पान श्रद्धेने वाहिले तरी देव तृप्त होतो.

५. दात्यांनी गावोगावच्या देवस्थानांना साहाय्य करताना, त्या कामासाठी एकही जुना वृक्ष पडणार नाही, एवढी खात्री करून घ्यावी.

दर्शन घेऊन पायऱ्या चढताना क्षणभर थांबावे आणि वर पाहावे. एखादी फांदी हलेल, तांबूस शेपटी क्षणभर दिसेल आणि पानांत गुप्त होईल. तेही दर्शनच समजावे. ते पुढील पिढीच्या यात्रेकरूंनाही घडो, हीच श्रीचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥